सुकी अळंबी, ओला गड

१

कापूरहोळचा चौक. महामार्ग पुण्याहून साताऱ्याकडे, एक फाटा भोरला, दुसरा नारायणपूरवरून सासवडला. शनिवारी सकाळी चहाच्या टपरीवर तीन प्रकारची गिऱ्हाइकं : केतकावळ्याच्या बालाजीची, नारायणपूरच्या दत्ताची आणि पाठीवर सॅक असलेली. पहिल्या दोघांच्या जेवणाची काळजी देव करतो.

२

सॅकवाल्यांचा मेनू ठरलेला. रात्री खिचडी, सकाळी मॅगी. पुढच्या गडावर सकाळी मॅगी, रात्री खिचडी.

३

ताज्या अळंबीच्या शंभर ग्रॅममध्ये नव्वद ग्रॅमच्या आसपास पाणीच असतं. किलोभर वाळवली की शंभर ग्रॅम हाती उरते. पाणी गडावरच्या टाक्यात आहे. ते भाजीच्या आत भरून पायथ्यापासून वर नेण्यात काही पुरुषार्थ नाही.

४

गुंजवणे, राजगडाचा पायथा. ओसरीवर बसून पिशवी उघडली. घरची आजी वाकून बघते.

"ह्ये काय, सुकाट?"

"नाही आजी, अळंबी. वाळवलेली."

"वाळवायची कशापायी? पावसात फुकाट उगवती की."

"उन्हाळ्यात खायला."

"उन्हाळ्यात गडावर येतंय कोन?"

पिठलं मात्र तिने आग्रहाने वाढलं.

५

सांडगे. कुरडया. वाळवलेली मेथी. हरभऱ्याचा वाळवलेला पाला. आमसूल. भाजणी. मेतकूट. सुकट, जवळा, बोंबील. ही यादी आजीच्या माळ्यावरची आहे. ट्रेकिंगच्या दुकानातली यादी हिच्यापुढे तोकडी पडते. तरी चार दिवसांच्या डोंगरयात्रेला निघालेला मुलगा चकचकीत पाकिटातला 'डिहायड्रेटेड' राजमा विकत घेतो. पाकिटावर बर्फाच्या शिखराचं चित्र असतं. सांडग्याच्या डब्यावर चित्र नसतं, हीच त्याची उणीव.

६

म्हैसूरला संरक्षण खात्याची अन्न संशोधन प्रयोगशाळा १९६१ पासून आहे. उंचावरच्या जवानाला हलकं, टिकाऊ आणि गरम पाण्यात फुलणारं जेवण कसं द्यायचं, हा तिथला अभ्यासाचा विषय. त्याच म्हैसूरमध्ये, केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत, बानो आणि श्रीवास्तव यांनी १९६२ साली धिंगरी अळंबी पेंढ्यावर वाढवून दाखवली. एकाच शहरात दोन संस्था.

७

भोर, वेल्हे हा भाताचा मुलूख. भात काढला की पेंढा उरतो. धिंगरीला एवढंच लागतं. पेंढा कापून रात्रभर भिजवायचा, तासभर कढत पाण्यात ठेवायचा, निथळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत थर देत बियाणं पेरायचं, पिशवीला भोकं पाडायची आणि अंधाऱ्या खोलीत टांगायची. दोन-तीन आठवड्यांत पेंढा पांढरा फट्ट. मग पिशवी फाडून दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारायचं. आठवडाभरात कानाच्या पाळीसारखी अळंबी बाहेर येते. शिकायचं असेल तर पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळंबीचा वेगळा प्रकल्प आहे.

पिकवणं सोपं आहे. पंचाईत विकण्याची. ताजी धिंगरी एक-दोन दिवसांत मलूल होते आणि गिऱ्हाईक बटण अळंबीचं पाकीट मागतं. न खपलेला माल वाळवतात. म्हणजे आपण डोंगरावर जिला चैन म्हणतो, ती गावात नाइलाजाने तयार झालेली असते.

पीक घेतल्यावर उरलेला पेंढा गुरांना घालता येतो. गुरं तक्रार करत नाहीत.

८

कापूरहोळच्या गाडे घराण्यातली धाराऊ संभाजीराजांची दूधआई. राजांचा जन्म १४ मे १६५७, पुरंदरावर. महामार्गावर आज इतकी हॉटेलं आहेत, पण कापूरहोळचं नाव इतिहासात गेलं ते एका बाईने दुसरीच्या बाळाला पाजलं म्हणून.

९

वाळवायची रीत. धिंगरी सुरीने चिरू नका, हाताने उभी फाडा. धुवायचीच असेल तर झटपट, आणि लगेच फडक्यावर. सुती कापडावर एक थर पसरा, वर जाळी. एप्रिलच्या कडक उन्हात दोन दिवस पुरतात. संध्याकाळी आत घ्यायची. रात्रीचं दव दिवसभराच्या उन्हावर पाणी फिरवतं. झाली की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. तुकडा मोडा. कुरडईसारखा कट्कन तुटला तर झाली, वाकला तर अजून एक ऊन. मग लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात. उघडी राहिली तर हवेतलं पाणी पिऊन पुन्हा मऊ पडते आणि मऊ पडली की बुरशीवर बुरशी चढते.

बटण अळंबी उन्हात काळवंडते आणि जाड असल्याने आतून ओली राहते. तिच्या पातळ चकत्या करून यंत्रात वाळवाव्यात, नाहीतर तिचा नाद सोडावा.

एक फायदा फुकटचा. अळंबीत एर्गोस्टेरॉल असतं, उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचं ड-२ जीवनसत्त्व होतं. यंत्रात वाळवली की हे होत नाही.

१०

अळंबी उगवते पावसात. वाळते उन्हात. ट्रेकिंगवाले निघतात पुन्हा पावसात.

११

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांनी काय खाऊ नये याची यादी आहे. लसूण, कांदा आणि त्यांच्याच पंक्तीला कवक, म्हणजे अळंबी.

महामार्गावरच्या 'शुद्ध शाकाहारी' हॉटेलात मशरूम मसाला मेनूकार्डावर पनीरच्या लगेच खाली. ग्रेव्हीत कांदा-लसूण भरपूर.

१२

१९ सप्टेंबर १९९१. ऑस्ट्रिया-इटलीच्या सरहद्दीवर, आल्प्समध्ये, ३,२०० मीटर उंचीवर फिरायला गेलेल्या एका जर्मन जोडप्याला बर्फात माणूस दिसला. मरून ५,००० हून अधिक वर्षं झाली होती. त्याच्या सामानात अळंबीचे दोन प्रकार : एक चामड्याच्या वादीत ओवलेला, बहुधा औषधाचा, दुसरा ठिणगी धरणारा, चूल पेटवायचा. जेवायचा एकही नाही. जेवणात रानबोकडाचं मांस होतं.

१३

सुकी अळंबी भिजवायला वेगळा वेळ काढू नका. गुंजवण्यातून निघताना रुंद तोंडाच्या बाटलीत टाका, बुडेल एवढं पाणी घाला, बाटली सॅकच्या बाजूच्या कप्प्यात. चोरदरवाजाने पद्मावती माचीवर पोहोचेपर्यंत ती भिजलेली असते. धिंगरीला अर्धा तास पुरतो, शिताके अळंबीला जास्त. चढणाऱ्याचे पाय आणि भिजणारी अळंबी दोन्ही साधारण एकाच वेळी नरम पडतात.

ही बाटली ओळखू येईल अशी ठेवा. ग्रुपात एक तरी जण असा असतो जो तहान लागली की बाटली बघत नाही.

१४

भिजवलेलं पाणी ओतून देऊ नका. वरचं नितळ पाणी भातात घाला, तळाचं शेवटचं चूळभर सोडा. तिथे माती असते.

१५

पण आदल्या रात्री भिजवून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तसंच ठेवणंही नको. चीनमध्ये सुकी काळी अळंबी दिवसेंदिवस पाण्यात ठेवून खाल्ल्याने माणसं मेल्याच्या नोंदी आहेत. विष अळंबीचं नव्हतं, त्या पाण्यात वाढलेल्या जिवाणूचं होतं. ते उकळून जात नाही. उन्हाळ्यात सॅकमधली बाटली किती तापते हे ज्याने एप्रिलमध्ये तोरणा चढला आहे त्याला सांगायला नको.

१६

सुक्या अळंबीला ताजीपेक्षा जास्त चव का? टोकियोच्या किकुनाए इकेडांनी १९०८ साली समुद्री शेवाळाच्या सारात ग्लुटामेट शोधलं आणि त्या चवीला 'उमामी' म्हटलं. पुढे १९५०च्या दशकात अकिरा कुनिनाकांनी सुक्या शिताकेतल्या ग्वानिलेटवर काम केलं. ताज्या शिताकेत ते नगण्य. वाळताना पेशी फुटतात आणि नंतर भिजताना, शिजताना ते तयार होतं. दुसरी गोष्ट अशी की ग्लुटामेट आणि ग्वानिलेट एकत्र आले की चव बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते.

ग्लुटामेट आपल्याकडे कुठे आहे? पिकलेल्या टोमॅटोत. म्हणून सॅकमध्ये दोन टोमॅटो असू द्या, पण वरच्या कप्प्यात. तळाला गेले की गडावर फक्त रस पोहोचतो.

१७

गुच्छी अळंबी हिमालयातून येते, वाळलेलीच येते, आणि किलोचा भाव हजारांत सांगतात. काश्मिरी पुलावात तिची शान वेगळी. ती घेऊन रोहिड्यावर येणाऱ्याने आधी भांडी कोण घासणार ते ठरवावं.

१८

तोरणा समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर. तिथे पाणी पंच्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. डाळ शिजत नाही म्हणून जो तो गॅसला शिव्या घालतो. दोष हवेच्या कमी दाबाचा. कुकर नसेल तर तुरीऐवजी मुगाची डाळ न्या, तीही पायथ्याला भिजत घालून. भिजलेल्या धिंगरीला पंच्याण्णव अंश खुशाल चालतात.

१९

इंद्रायणी तांदूळ १९८७ साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आला. आंबेमोहर त्याच्या पूर्वजांत. शिजला की चिकटतो. पुलाव करणारे नाक मुरडतात. गडावर तोच बरा. मोकळा भात पातेल्यातून ताटलीत येईपर्यंत वाऱ्याने गार होतो, गुरगुट्या भात ऊब धरून ठेवतो.

चौघांसाठी : दोन वाट्या इंद्रायणी, वाटीभर मुगाची डाळ, दोन मुठी सुकी धिंगरी, भिजवलेली आणि पिळलेली. तेलात मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, मग कांदा. कांद्याचा रंग बदलला की अळंबी, आणि ती नीट परतायची. इथे घाई नको. पाणी आटून कडा तांबूस झाल्या पाहिजेत, नाहीतर रबर. टोमॅटो, हळद, कांदा-लसूण मसाला. तांदूळ, डाळ, अळंबीचं पाणी आणि वर साधं पाणी. मीठ शेवटी चाखून. झाकण ठेवून त्यावर दगड.

तूप ज्याने आणलं असेल त्याला आधी वाढा.

२०

गॅस संपला, काडेपेटी भिजली, तरी खाता येईल अशी एक गोष्ट घरूनच करून न्या. सुकी धिंगरी तव्यावर थेंबभर तेलात कुरकुरीत भाजायची. सुक्या मिरच्या, लसूण, सुकं खोबरं, भाजलेले शेंगदाणे, मीठ. सगळं खलबत्त्यात, जाडसर. सुकटीच्या चटणीची रीत तीच, फक्त सुकट नाही. भाकरीबरोबर. सुकट खाणारे म्हणतात, त्या मानाने ठीक. न खाणारे विचारतात, नक्की सुकट नाही ना?

२१

प्रश्न अगदीच चुकीचा नाही. अळंबी झाड नाही, प्राणी नाही, तिसरंच राज्य आहे. तिच्या पेशीभिंतीत कायटिन असतं. जवळ्याच्या टरफलातही कायटिनच. ते पचायला जड; म्हणून अळंबी पुरती शिजवा आणि चावून खा.

२२

ग्रुपात एक जण जाहीर करतो, "मी मशरूम खात नाही." त्याच्यासाठी वेगळा भात काढून ठेवतात. तो भात आधी संपतो आणि मग हा दुसऱ्या पातेल्याकडे बघतो.

२३

जुलै २०२५ मध्ये राजगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, मराठ्यांच्या आणखी अकरा किल्ल्यांबरोबर. राजगडाचं संरक्षण राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. तटाचा दगड काढून चूल मांडणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. काजळी मात्र राहते.

लाकूड तोडू नका, दगड हलवू नका. छोटा गॅस न्या. एसटीत गॅसची डबी चालत नाही, मग पायथ्याच्या घरात पैसे देऊन स्वयंपाक करून घ्या. भिजलेली अळंबी तिथेही शिजते, आणि चुलीवर बऱ्याचदा चांगली शिजते. रायरेश्वराच्या पठारावर तर वस्तीच आहे.

२४

वारुळावर उगवणारी अळंबी सगळ्यांत चवदार, असं कोकणात, गोव्यात आणि मावळात सारखंच सांगतात. वाळवी जमिनीखाली चघळलेल्या पाल्यापाचोळ्याची मऊ घरटी बांधते, त्यावर ही बुरशी वाढवते, तीच खाते. पाऊस पडला की बुरशीची छत्री वर येते. म्हणजे शेती वाळवीची, तोडणी आपली. ही अळंबी घरात लावण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. वाळवीला जमतं, विद्यापीठांना अजून नाही.

२५

वेल्ह्याकडच्या रानात एक कातकरी बाई अळंबी खुडत होती. खाली बरंच ठेवत होती. का, म्हणून विचारलं.

"समदीच नेली तर पुढच्या साली काय, मुळ्या खानार?"

आमच्यातल्या एकाने फोन काढून फोटोवरून अळंबी ओळखणारं अ‍ॅप लावलं. अ‍ॅपने तीन नावं सुचवली. बाईने एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "टाक ती."

२६

अळंबी विषारी आहे का, हे ओळखण्याच्या घरगुती परीक्षा : चांदीचा चमचा काळा पडतो. लसूण काळा पडतो. तांदूळ लाल होतात. किडे लागलेली असेल तर खायला हरकत नाही. पांढरी असेल तर चांगली.

सगळ्या खोट्या. सर्वांत जीवघेण्या अळंब्यांपैकी काही पांढऱ्या शुभ्र असतात. गोगलगायी विषारी अळंबी मजेत खातात.

२७

"वाळवली की विष जातं." नाही. "उकळून पाणी फेकलं की जातं." नाही. अमॅनिटा प्रजातीच्या काही अळंब्यांमधलं अमॅटॉक्सिन वाळवून, उकळून, तळून कशानेही जात नाही. वाळवलं तर उलट वर्षभर टिकतं. म्हणून रानातली अनोळखी सुकी अळंबी कुणी प्रेमाने दिली तरी प्रेम ठेवून घ्यावं.

२८

एप्रिल २०२२, वरचा आसाम, चहामळ्यांचा भाग. रानातली अळंबी घरोघर शिजली. त्या महिन्यात दहाहून अधिक माणसं दगावली, त्यात लहान मूलही. खाणारे नवखे नव्हते. वर्षानुवर्षं अळंबी खुडणारी माणसं होती.

२९

डोंगरात न्यायची ती पिकवलेली आणि घरी वाळवलेली, किंवा ओळखीच्या पिकवणाऱ्याकडची. पाकिटावर तारीख लिहा. डबा उघडल्यावर कुबट वास आला तर गडावर जाण्याआधीच उकिरड्यावर.

३०

अमॅटॉक्सिनचा त्रास लगेच होत नाही. सहा तासांनी, कधी बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा उलट्या-जुलाब सुरू होतात. मग एखादा दिवस बरं वाटतं. त्या दिवसात यकृत खराब होत असतं. गड उतरून कापूरहोळला चहा प्यायलेला माणूस घरी जाऊन झोपतो आणि त्याला वाटतं, चहाच बाधला.

तेव्हा रानातली अळंबी कुणी खाल्ली असेल आणि उशिरा उलट्या लागल्या, तर बरं वाटण्याची वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट मोठं रुग्णालय गाठा. काय खाल्लं, किती वाजता खाल्लं ते सांगा. ज्यांनी ज्यांनी खाल्लं त्या सगळ्यांना न्या, त्रास नसला तरी. आणि उरलेला तुकडा फेकू नका. कागदात गुंडाळून डॉक्टरांना दाखवा. प्लास्टिकच्या पिशवीत तो सडतो.